वरच्या रानाबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर आई बोलता बोलता म्हणून गेली, की वरचं उताराचं रान विकायचं चाललंय. बाबांचे गुडघे आता तिथवर चढू देत नाहीत, खालच्याच रानाला हात पुरत नाहीत, हे मला कळतं. तरी त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर हे सांगायला गेले की बाबा 'बरं बरं' म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहितेय.

बाबा, चार वर्षांपूर्वी झाडटोमॅटो लावते म्हटलं तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "टोमॅटोला कधी खोड असतं का गं?" याला असतं. झाड डोक्याच्या वर जातं, पान थेट हृदयाच्या आकाराचं, फळ अंड्यासारखं लांबट, लांब देठाला लोंबणारं. कूळ मात्र टोमॅटो, वांगं, मिरची, बटाट्याचंच. मूळचं ते दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं. न्यूझीलंडमध्ये त्याच्या बागा वाढल्या, तेव्हा साध्या टोमॅटोशी गल्लत नको म्हणून १९६७ साली तिथल्या बागाइतदारांनी त्याला 'टॅमरिलो' हे नवं नाव दिलं.

ते डोंगरावरचं आहे, म्हणूनच मला आपलं वरचं रान आठवतं. उष्ण प्रदेशात हे झाड साधारण १,००० ते ३,००० मीटर उंचीवर चांगलं येतं. खालच्या उकाड्यात पाला वाढतो, पण फळ नीट धरत नाही. रात्री गार लागतात, पण गोठवणारी थंडी कोवळ्या शेंड्यांना जाळते. खोलगट जागी अशी थंडी साचून राहते, उतारावरून ती खाली वाहून जाते. ज्या उतारापायी तुम्ही त्या रानाला आयुष्यभर नावं ठेवलीत, तोच उतार या झाडाला हवा आहे.

हे मी नुकसान सोसून शिकले. पहिल्या वर्षी मी सगळ्यात खोल मातीची, सपाट जागा निवडली. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "पाणी कुठं जाणार ते आधी बघ." मी नाही बघितलं. पावसाची झड लागली, तीन दिवस पाणी तुंबलं, आणि साठच्या साठ रोपं माना टाकून उभी राहिली. मुळं काळी पडली होती. एकही वाचलं नाही. तुम्हाला तेव्हा 'थोडी गेली' असं सांगितलं होतं. आज खरं सांगते.

या झाडाची मुळं वरवर असतात. त्यामुळे तुंबलेलं पाणी सोसत नाही आणि कोरडही सोसत नाही. आता मी उंच वरंब्यावर लावते, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवते, खुरपं खोल जाऊ देत नाही. लाकूडही ठिसूळ. फळांनी लगडलेली फांदी वाऱ्याच्या एका झोतात काडकन मोडते. म्हणून वाऱ्याच्या अंगाला दाट झाडांची रांग आधी हवी, बाग नंतर.

आणि आता बाबांच्या गुडघ्यांचं. बियांपासून केलेलं रोप सरळसोट वाढतं आणि पार वर जाऊन फांद्या फोडतं. ते कंबरेच्या जरा वर आलं की मी शेंडा खुडते. मग फांद्या खाली फुटतात आणि फळ छातीच्या उंचीवर येतं. वाकायचं नाही, शिडी नाही, देठासकट एकेक कापून टोपलीत ठेवायचं. फांदी लावून केलेलं झाड मुळातच बुटकं राहतं, पण आईझाडाचा रोग त्यातून पुढे येतो, म्हणून मी बियांचीच रोपं करते.

पैशाचं स्पष्ट लिहिते. पहिली दीड ते दोन वर्षं हातात काही पडत नाही. तोवर ओळींमधे घेवडा किंवा वाटाणा घ्यायचा. मिरची, वांगं, टोमॅटो मुळीच नको, एकाचा रोग दुसऱ्याला जातो. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून झाड भरात येतं, निगा असेल तर एका झाडाला वर्षाला वीसेक किलो फळ निघतं, आणि झाड साधारण दहा वर्षं चालतं. फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून दरवर्षी छाटणी करायचीच. अर्धी झाडं आधी छाटली आणि अर्धी महिन्याभरानं, तर तोडा लांबतो आणि माल एकदम अंगावर येत नाही. त्यातच खरा नफा आहे. साध्या टोमॅटोसारखी आज तोडलं तर उद्या विकलंच पाहिजे अशी घाई इथे नाही. शीतगृहात ३ ते ४ अंशांवर फळ दोन महिने टिकतं.

अडचण गिऱ्हाइकाची आहे. साल कडू, गर आंबटगोड, आणि फळ बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. पहिला हंगाम मी फळ मधोमध कापून चमच्यानं गर चाखवण्यातच घालवला. आता दोन व्यापारी बागेत येऊन माल उचलतात. ते मिळण्याआधी जास्त रोपं लावली असती तर मी बुडाले असते.

रोगाची भीतीही आहेच. माव्यातून विषाणू पसरतो, पानं चितकबरी होतात, फळावर डाग पडतात. असं झाड मी जीव घट्ट करून उपटते. न्यूझीलंडमध्ये २००६ साली सायला नावाची बारीक कीड आढळली आणि तिच्यातून पसरणाऱ्या रोगानं तिथल्या कितीतरी बागा बसल्या. म्हणून सगळं रान याच्याखाली घाला, असं मी म्हणणार नाही.

माझं मागणं एवढंच: रान यंदा विकू नका. अर्धं मला द्या. पहिल्या वर्षी फक्त चर खणू आणि वारा अडवणारी झाडं लावू, कर्ज काढायचं नाही. दुसऱ्या वर्षी शंभर रोपं. चढून जायचं काम माझं, मी महिन्यातून दोनदा येत जाईन. आई, रोपं तू करशील का? तुझ्या हातची कधी वाया गेलेली मला आठवत नाहीत.

बाबा, एक काम मात्र तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. वरच्या रानात पाऊस पडला की पाणी कुठून शिरतं, कुठे थांबतं आणि कुठे फोडून बाहेर पडतं, ते एका कागदावर काढून ठेवा. रेघा वाकड्या आल्या तरी चालतील. पुढच्या खेपेला आले की तोच कागद घेऊन वर जाईन.

तुमची,
धाकटी