धंदा शिकवायचा आणि धंदा करणाऱ्याचीच हजेरी कापायची?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

मी कोल्हापुरात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर बीबीएच्या पोरांना आंत्रप्रेन्युअरशिप शिकवते. पेपरात काय येतं तर उद्योजकाचे गुण लिहा, उद्योजक आणि मॅनेजर यातला फरक सांगा, पोरं गाईडमधून पाठ करतात आणि मार्कही बरे पडतात. पण गिऱ्हाईकाला कोटेशन कसं द्यायचं, अडकलेली उधारी कशी सोडवायची, मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की जीएसटी नंबर घ्यावा लागतो हे विचारा, वर्गात एकदम शांतता.

आणि ज्याला हे येतं तो पोरगा वर्गात नसतोच! माझ्या वर्गातल्या एकाच्या घरचं गुऱ्हाळ आहे, गुळाच्या छोट्या वड्या आणि काकवीचं पॅकिंग त्याने स्वतः सुरू केलं, फूड लायसन्सचं सगळं एकट्याने केलं, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन पुण्याला माल पाठवतो. आता गुऱ्हाळाचा हंगाम ऐन थंडीत, म्हणजे नेमका सेमिस्टरमध्येच, मग हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाणारच की. तो डिफॉल्टर यादीत गेला. बरं, हेच काम इंटर्नशिप म्हणून धरा म्हटलं तर कंपनीच्या लेटरहेडवर सर्टिफिकेट पाहिजे, घरचा धंदा चालत नाही म्हणे.

खरं तर केंद्र सरकारचं कॉलेजांसाठीचं स्टार्टअप धोरण २०१९ पासून आहे, त्यात स्टार्टअप करणाऱ्या विद्यार्थ्याला हजेरी कमी असली तरी परवानगी घेऊन परीक्षेला बसू द्यावं असं आहे, मधे ब्रेक घ्यायचीही सोय आहे. आणि २०२४-२५ पासून बीबीएसुद्धा एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आलंय, त्यासाठी सीईटीपण सुरू झाली. म्हणजे प्रवेश परीक्षा आणि मान्यतेचे नियम लगेच लागू झाले आणि पोरांच्या फायद्याचा नियम तेवढा फाईलमध्येच राहिला, याचा मला मनापासून राग येतो.

आम्हा शिक्षकांचं पण सांगते. शिवाजी उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत जवळच आहे, तिथल्या शेडमध्ये पोरांना नेलं, कच्चा माल कितीला पडतो, रिजेक्शन म्हणजे नापास माल किती जातो, पेमेंट किती महिन्यांनी मिळतं हे मालकाच्या तोंडून ऐकवलं तर पोरं एका दुपारात जे शिकतील ते माझ्या बोर्डावरच्या लिहिण्याने नाही होणार. पण ती दुपार तास म्हणून धरत नाहीत आणि आमचं मानधन तासावर, तरीही काहीजण पदरमोड करून नेतात, पण ते किती दिवस चालणार?

माझी विद्यापीठांना एवढीच विनंती आहे की येत्या जूनच्या अ‍ॅडमिशनआधी परिपत्रक काढा, हजेरीच्या सवलतीसाठी अर्ज कुणाकडे करायचा ते प्रत्येक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावा, घरच्या किंवा स्वतःच्या धंद्याचे हिशोब, बिलं, बँक स्टेटमेंट तपासून त्याला इंटर्नशिपचे क्रेडिट द्या आणि उद्यमनगरची भेट तास म्हणून मोजा.

– एक शिक्षिका, कोल्हापूर