गोदाकाठी गोष्टींची वाट हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी सात वर्षांच्या नातीला घेऊन गंगेवर, म्हणजे आपल्या गोदेच्या घाटावर, गेलो होतो. दुतोंड्या मारुतीभोवती एक फेरी मारून ती म्हणाली, "आबा, याला पाठच नाही!" पावसाळ्यात आपण नाशिककर पूर यानेच मोजतो, हे तिला सांगितलं. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं, याच भाषेत घरोघरी बोलणं होतं. लगेच ती मूर्तीला खेटून उभी राहिली आणि आपल्या डोक्यावर हात आडवा धरून, तो मारुतीच्या कुठे येतो ते बघू लागली. शेजारी परगावचं एक कुटुंब गोष्ट ऐकत थांबलं होतं. त्यांच्या मुलालाही मग उंची मोजायची होती.

ही गोष्ट सांगणारा फलक मला तरी तिथे दिसला नाही. गोष्टी मात्र पावलापावलावर आहेत. सीतागुंफेपासून निघावं. पंचवटीला नाव देणारे वड तिथेच आहेत. पुढे काळाराम मंदिर. तिथे रामकथेच्या जोडीला 1930 चा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रहही मुलांना सांगायलाच हवा. मग कपालेश्वर. महादेवासमोर नंदी नाही, हे मुलांच्या चटकन लक्षात येतं. महादेवाला ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्याची वाट नंदीने दाखवली, म्हणून तो गुरू ठरला, आणि गुरूने शिष्यासमोर कसं बसायचं? ही कथा ऐकताना माझी नात पायऱ्या मोजायचीही विसरली. खाली उतरलं की रामकुंड, दुतोंड्या मारुती आणि शेवटी नारोशंकराची घंटा. वसईच्या 1739 च्या विजयानंतर ती इथे आली. पुराचं पाणी घंटेपर्यंत पोचलं की जुनी माणसं हादरायची.

एवढं सगळं लहान पावलांना झेपेल इतक्या अंतरात आहे. सिंहस्थाची कामं सुरू आहेतच, त्यातच ही वाट आखून घ्यावी, अशी विनंती आहे. रस्त्यावर पावलांच्या खुणा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेले मराठी फलक, मध्ये बसायला सावलीतले दोन-चार कट्टे आणि पिण्याचं पाणी. बाबागाडी आणि चाकाची खुर्ची जाईल अशी सलग वाट हवी, आणि तिच्यावर दुचाक्या लावू देऊ नयेत. परवा आम्हाला दोनदा भर रहदारीत उतरावं लागलं.

फलकांवर दंतकथेला दंतकथाच म्हणावं, इतिहास वेगळा लिहावा. मजकुरासाठी घाटावरच्या जुन्या रहिवाशांना बोलवावं. त्यांच्यापैकी बरेच जण आता थकले आहेत, म्हणून हे काम तरी आधी व्हावं.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक