सभाधीटपणा सरावानेच येतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वक्तृत्व ही जन्मजात देणगी आहे, या समजापायी अनेक अभ्यासू माणसे आयुष्यभर व्यासपीठापासून दूर राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. बोलायला उभे राहताना छातीत धडधडणे, घशाला कोरड पडणे आणि हात थरथरणे हा दुबळेपणा नसून, ॲड्रेनलिन हे संप्रेरक वाढल्यावर शरीर देत असलेला स्वाभाविक प्रतिसाद आहे, आणि पहिल्या काही वाक्यांनंतर तो बहुधा ओसरू लागतो. म्हणूनच सुरुवातीची दोन-तीन वाक्ये तोंडपाठ असावीत. संपूर्ण भाषण मात्र पाठ करू नये, कारण मधला एखादा शब्द निसटला तरी पुढची सारी साखळी तुटते. मुद्द्यांचे टिपण हाती घेऊन, उभे राहून, मोठ्या आवाजात आणि घड्याळ लावून केलेला सराव मनातल्या उजळणीपेक्षा कितीतरी उपयोगी पडतो. (स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकणे आरंभी नकोसे वाटते, तरीही ते ऐकावेच.)

लांबीचा मोहही आवरायला हवा. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेतील गेटिसबर्ग येथे त्या काळचे नामवंत वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले, त्यांच्यानंतर अब्राहम लिंकन यांनी जेमतेम २७० शब्दांत आपले म्हणणे मांडले, आणि जगाच्या स्मरणात राहिले ते लिंकन यांचेच भाषण.

वक्तृत्व स्पर्धांत निवडक मुलेच पुढे येतात. त्याऐवजी वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून दोन मिनिटे तरी बोलण्याची संधी मिळावी, अशी शिक्षकांना माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक