दहा नये पैसे

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, इथे सगळं ठीक आहे. नागपुरात उन्हाळा सुरू झालाय, कूलर काढलाय, आणि गुडघ्याचं मी डॉक्टरांना दाखवून आले. पत्र लिहितेय, कारण जे सांगायचंय ते फोनवर होणार नाही. बाबा कानातलं मशीन काढून ठेवतात आणि नुसतं ‘हं, हं’ करतात. मग आई फोन घेते आणि भाजी काय केली तिथे गाडी जाते. म्हणून हातानेच लिहितेय. अक्षर मोठं काढलंय.

आपल्या गिरगावातल्या वाडीवरच्या मुलांच्या रहस्यकादंबरीची तेरा प्रकरणं झाली. पहिली सात तुम्ही तपासून पाठवलीत ती मिळाली. बाबा, तुमची लाल पेन्सिल अजून तशीच आहे हो! १९५७ सालात मी वाण्याकडे ‘किलोभर साखर’ मागायला पाठवलं, तिथे तुम्ही समासात ‘शेर! शेर!!’ लिहिलंय. किलो ५८नंतर हळूहळू आला, हे मला ठाऊक असायला हवं होतं. शाळेच्या दाखल्यावर ‘महाराष्ट्र शासन’ लिहिलं त्यावर तर तुम्ही काट मारून खाली अख्खा धडाच दिलात, की तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्य होतं आणि महाराष्ट्र व्हायला १ मे १९६० उजाडला. ते मात्र मला माहीत होतं, हात चालत गेला. ट्रामबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणजे ती बरोबर असावी. ६४च्या ३१ मार्चला ती बंद झाली तेव्हा तुम्ही सतरा-अठरा वर्षांचे होतात. शेवटच्या ट्रामला लटकायला गेला होतात म्हणे. आजी हे सांगताना अजून रागावलेली असायची.

आई, तुझ्या खुणा सगळ्या नळावरच्या आहेत. पहाटे पाणी यायच्या आधी बायका कळश्यांची रांग लावून परत आडव्या व्हायच्या, आणि कुणाची कळशी कुठे होती यावरून दिवसभराची भांडणं ठरायची. ते मी जसंच्या तसं घेतलंय. संडासाच्या रांगेतला डबा मात्र काढायला सांगितलास तरी काढणार नाही. चाळीची गोष्ट त्याच्याशिवाय खोटी वाटते.

आता मुद्द्यावर येते. बाबा, जरा बसून वाचा.

रहस्य म्हणून मी तुमचीच गोष्ट घेतली होती, डब्याची. ५७च्या गणपतीत मुलांच्या नाटुकल्यासाठी पडदा भाड्याने आणायचा होता. मोठ्यांचं मंडळ म्हणालं, तुमचं तुम्ही बघा. मग तुम्ही आणि तुमचा मित्र मिळून खोलीमागे एक आणा गोळा केलात. चौसष्ट खोल्या, चौसष्ट आणे, चार रुपये. अक्षर चांगलं म्हणून वही आईकडे. डबा एक रात्र त्याच्या घरी होता. दुसऱ्या दिवशी आजोबांनी सगळ्यांसमोर तो जमिनीवर पालथा केला, आणि भरले तीन रुपये नव्वद. दहा नये पैसे कमी.

ही गोष्ट लहानपणी तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितली असेल! कंदील कसा धरला होता, आजोबांनी आण्यांच्या चार-चारच्या चळती कशा लावल्या, सगळं. अभ्यासाच्या भूगोलात अर्नाळकरांची रहस्यकथा लपवून वाचणारा मुलगा तुम्ही, तेव्हा त्यांचा नायक झुंजार होऊन तपासाला निघालात. डब्याच्या सुतळीची गाठ तुम्ही मारली होती तशी नव्हती, हे पकडलंत. तिथपर्यंत तुम्ही रंगवून सांगायचात. ‘मग?’ असं आम्ही विचारलं की म्हणायचात, ‘मग काय, सापडला,’ आणि उठून पाणी प्यायला जायचात.

लहानपणी ते पाणी माझ्या लक्षात आलं नाही. लिहायला बसले तेव्हा आलं.

गोष्टीला चोर हवा, म्हणून आधी मी एक कल्हईवाला आणला. वाडीत बाहेरून येणारा, भाता घेऊन पिंपळाखाली बसणारा. दोन प्रकरणं लिहून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली. वाडीत काही हरवलं की बाहेरच्या गरीब माणसाकडे बघायचं, ही सवय आपल्याकडे होतीच, ती मी मुलांना नव्याने का शिकवू? फाडून टाकली ती प्रकरणं. मग म्हटलं, आधी हिशेब नीट मांडू, चोर नंतर बघू.

बँकेत तेहतीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट अंगात मुरते. संध्याकाळी कॅश जुळली नाही की कॅशियरच्या तोंडाकडे कुणी बघत नाही, आधी आकड्यांकडे बघायचं. फरकाला नऊने भाग जातो का हे पहिलं तपासायचं. जात असेल तर बहुतेक कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५४ चे ४५ केलेत. दहाला नऊने भाग जात नाही. मग मी मुळाशी गेले, वर्गणी आण्यात आणि मोजणी नव्या पैशांत. तिथे हात थांबला.

तुम्हाला आठवत असेल, १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. आता रुपयाचे शंभर नये पैसे. जुनी नाणीही चालूच होती. दुकानादुकानांत, पोस्टात तक्ते लावले होते: एक आणा म्हणजे सहा नये पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. गंमत बघा, दोन आण्यांचे बारा आणि चारांचे चोवीस नाहीत, पंचवीस. कारण खरा आणा सव्वासहा नव्या पैशांचा. पण पाव पैसा कुणी कुणाला देणार? म्हणून सुट्या एका आण्याला सहाच.

आता वाडीत काय झालं असेल ते बघा. पाच-सहा महिनेच झाले होते. काहींनी जुना आणा दिला, तो कडा कातरल्यासारखा दिसणारा. काहींनी नवे दिले, एक चौकोनी पाचाचं आणि एक छोटंसं तांबड्या रंगाचं. तक्त्याप्रमाणे अगदी चोख, कुणी कुणाला फसवलं नाही. वहीत आईने सगळ्यांपुढे ‘१ आणा’ लिहिलं. तेही चोख.

समजा चोवीस घरांनी जुना आणा दिला. चोवीस आणे म्हणजे दीड रुपया. उरलेल्या चाळीस घरांनी सहा-सहा नये पैसे दिले. चाळीस सक दोनशे चाळीस. बेरीज तीनशे नव्वद.

तीन रुपये नव्वद, बाबा.

प्रत्येक नव्या आण्यामागे पाव पैसा कमी, चाळीस घरांचे मिळून दहा. मी तीन वेळा केलं. मग ह्यांना करायला सांगितलं, ते म्हणाले, ‘यात काय करायचंय?’ आणि मग तेही गप्प बसले.

कोणत्या घराने काय दिलं ते आता कळायचा मार्ग नाही. पण डबा दहाने कमी यायला चाळीस घरं लागतात, आणि त्या गणपतीत चौसष्टांतल्या चाळीस घरांत नवे पैसे असणं मला अजिबात अवघड वाटत नाही. आजोबांनीच जुने आणे ‘चळती लावून’ मोजले असं तुम्ही सांगता. म्हणजे चार आण्यांचे पंचवीस त्यांनी बरोबर धरले. उरलेले सुटे पैसे मोजले आणि चारशेतून वजा केले. दिवसभर कापडाच्या दुकानात थान मोजून आलेला माणूस, समोर अर्धी वाडी उभी, हातात कंदील. त्यांच्या डोक्यात पाव पैसा आला नाही, यात त्यांचा फार दोष मी काढणार नाही. थोडा काढीन.

आणि गाठ? गाठ वेगळी असेलच, तुम्ही खोटं कशाला सांगाल! तुमच्या मित्रानेही रात्री घरी डबा उघडून मोजला असेल. अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात चार रुपये पहिल्यांदाच आले, तर तो मोजणार नाही? मोजले, दहा कमी भरले, आणि घाबरून परत बांधून ठेवलं. हा माझा अंदाज आहे. पण तुम्ही रागावू नका, हाच अंदाज तेव्हा कुणीतरी करायला हवा होता.

आईला मी गेल्या आठवड्यात फोनवर हळूच विचारलं, पुढे काय झालं होतं गं? ती म्हणाली, त्याच्या वडिलांनी त्याला जिन्यात मारलं, आवाज समोरच्या चाळीत आमच्या गॅलरीत येत होता, आणि बाबा त्याच्याशी बोलायचे बंद झाले. पुढच्या मे महिन्यात ते लोक वाडी सोडून गेले. आई, तू इतकी वर्षं हे सांगितलं नव्हतंस. मी ‘का’ असं विचारलं नाही, तेही तुझ्या लक्षात आलं असणार.

मी हे तुम्हाला टोचायला लिहीत नाहीये, बाबा. अकरा वर्षांचं वय काय असतं! दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी, ५६च्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गिरगावात गोळीबार आणि कर्फ्यू तुम्ही पाहिला होतात. गॅलरीच्या कठड्याच्या फटीतून बघितलं म्हणून आजीने पाठीत धपाटा घातला होता. कोण आपला, कोण फितूर, हे शब्द त्या वर्षांत वाडीतल्या पोराटोरांच्या तोंडी होते, असं तुम्हीच मला सांगितलंत. तुम्हाला मित्रही सोडायचा नव्हता आणि झुंजारही व्हायचं होतं. दोन्ही जमलं नाही. पण तुम्ही पाणी प्यायला उठता ना, ते आता थांबलं तर बरं, एवढंच मला वाटतं. दहा पैसे कुणीच घेतले नव्हते.

आता माझी अडचण. कादंबरीत वही सांभाळणारी मुलगी आहे, मालू. तिला तक्ता बघून हे कोडं सुटतं, हे माझं ठरलंय. (आई, गणित तुझं चांगलं होतं. खरं सांग, तुला तेव्हा काही शंका आली होती का?) पण सुटल्यावर दिनू, म्हणजे कादंबरीतले तुम्ही, काय करतो? तो दुसऱ्या मजल्यावर जाऊन मित्राचं दार वाजवतो, असं मी लिहिलं, आणि ते पान मला खोटं वाटतंय. मुलांना आवडेल, प्रकाशकालाही आवडेल. पण तुम्ही तसं केलं नव्हतंत, करू शकला नव्हतात, कारण तुम्हाला हे माहीतच नव्हतं. जे झालं नाही ते दिनूकडून करून घ्यायचा मला हक्क आहे की नाही, हे तुम्ही सांगा. नको म्हणालात तर मी चौदावं प्रकरण मालूच्या वहीवर संपवीन.

डिसेंबरात मी मुंबईला आले होते तेव्हा तुम्हाला न सांगता एकटी ठाकूरद्वार नाक्यावर उतरले होते. वाडीच्या तोंडाशी पत्रे ठोकलेत, आत काही दिसत नाही. शेजारी मेट्रोचं काम होऊन गेलेलं. पिंपळ कुठे होता हेही मला नीट सांगता आलं नाही. लिहिताना मी जो जिना चढते तो आता तुमच्या दोघांच्याच डोक्यात आहे. म्हणून पायऱ्या मोजून सांगा म्हणून इतकी भुणभुण लावते, चिडू नका.

बी.पी.ची गोळी सकाळचीच घ्या, दुपारी आठवली की नाही. आणि आई, डोंबिवलीच्या उकाड्यात वाळवणाचा घाट यंदा घालू नकोस, मी इथून पाठवते.

तुमची,
मनू

ता. क. डबा डालड्याचा होता असं तुम्ही म्हणता, पिवळा, ताडाच्या झाडाचं चित्र असलेला. आई म्हणते, बिस्किटांचा होता आणि झाकण तिच्या घरचं होतं. एकमेकांशी बोलून नक्की काय ते कळवा. आणि बाबा, त्याचं आडनाव तुम्ही आम्हाला कधीच सांगितलं नाहीत. कादंबरीत घालणार नाही. मला हवंय.