पोलिसाच्या ड्युटीचे तास मोजा: गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी सहायक पोलीस उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पोलीस ठाण्यातल्या अंमलदारांच्या, म्हणजे शिपाई-हवालदारांच्या, ड्युट्या लावण्याचे काम माझ्याकडे होते. सेवेत असलेल्या माणसाला असे पत्र लिहिता येत नाही. संघटना करण्यावर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर 1966 च्या केंद्रीय कायद्याने बंधने आहेत, आणि मुंबईत ऑगस्ट 1982 मध्ये पोलिसांच्या आंदोलनात जे घडले त्यानंतर आपल्याकडच्या पोलीस संघटनेची मान्यता गेली ती गेलीच. त्यामुळे शिपायाचे गाऱ्हाणे एक तर त्याची बायको मांडते, नाही तर माझ्यासारखा पेन्शनर.

माझी मागणी एकच आहे. प्रत्येक अंमलदार दिवसाला किती तास ड्युटी करतो, याची बेरीज सरकारने ठेवावी आणि त्या बेरजेबद्दल वरिष्ठांना जाब विचारावा.

संख्याबळाचा विषय निघाला की मंजूर पदे किती आणि रिक्त किती, एवढेच बोलले जाते. ठाण्यात बसून दिसते ते वेगळेच. हजेरीपटावरच्या नावांतून आधी कोर्ट पैरवीवाला, म्हणजे कोर्टातल्या खटल्यांचे काम बघणारा, वजा होतो. मग समन्स-वॉरंटवाले, मुद्देमाल सांभाळणारा, सीसीटीएनएसवर (गुन्ह्यांच्या नोंदीच्या संगणक प्रणालीवर) बसणारा, पासपोर्ट पडताळणी करणारा, आरोपीला कोर्टात आणि दवाखान्यात नेणारे, गाडीचे चालक. दोघे-तिघे कागदावर आमचे, पण दुसऱ्याच कार्यालयात संलग्न. कोणी प्रशिक्षणाला, कोणी आजारी रजेवर. उरतात त्यांच्यावर दिवसपाळी, रात्रपाळी, बीट आणि 112 ची गाडी चालते. आणि मोर्चा, मंत्र्यांचा दौरा, गणपती किंवा आषाढी आली की बंदोबस्तालाही पुन्हा तेच. रात्रपाळी संपवून सकाळी आठला घरी निघालेल्या पोराला गेटवरून परत बोलावणे हा माझ्या कामाचाच भाग होता. नाही बोलावले तर पॉइंट रिकामा राहायचा.

देशभरातल्या पोलिसांची पाहणी करून 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात दिवसाला सरासरी 14 तास काम होते, असे आढळले. ठाण्यातल्या कोणालाही त्याचे आश्चर्य वाटले नसेल.

आपल्याच राज्यात यावर उपाय करून पाहिला गेला आहे. 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने तीन पाळ्यांचा आराखडा मांडला. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो मनावर घेतला, त्याच ठाण्यात राबवून पाहिला आणि पुढे मुंबईतल्या इतर ठाण्यांत नेला. शिपायाच्या डोक्यातून निघालेली योजना आयुक्तांनी अमलात आणली, याचा मला आजही अभिमान वाटतो. पण ती आयुक्तांच्या आदेशावर उभी होती. पुढे कोविड आला, अधिकारी बदलले, पाळ्या कधी आठ तासांच्या तर कधी बाराच्या झाल्या. जे एका आदेशाने मिळते ते दुसऱ्या आदेशाने जाते, म्हणून नियमच हवा.

2022 मध्ये शासनाने पोलिसांच्या किरकोळ रजा 12 वरून 20 केल्या. चांगलेच केले. पण रजा मंजूर करणाऱ्या साहेबाकडे बदली माणूस नसेल, तर त्या रजा खात्यावरच पडून राहतात.

नोंदीसाठी नवे काही विकत घ्यायला नको. कोण कितीला रवाना झाला आणि कितीला परत आला, हे स्टेशन डायरीत लिहिण्याची पद्धत जुनीच आहे. आता डायरी संगणकावर आहे. फक्त माणसागणिक आठवड्याची बेरीज काढायची. ती काढली की कोणत्या ठाण्याला खरोखर किती माणसे लागतात हेही आपोआप कळेल, आणि भरतीच्या जागा मागताना गृहविभागाच्या हातात काही ठोस असेल.

दर महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत प्रभारी अधिकाऱ्याला विचारतात: प्रलंबित गुन्हे किती, उघडकीस किती, वॉरंट किती बजावले? साप्ताहिक सुट्टी किती जणांची बुडाली, हे विचारलेले मी ऐकले नाही. हा प्रश्न त्या तक्त्यात घाला आणि त्याचे उत्तर प्रभारीच्या गोपनीय अहवालात उतरू द्या. आज शिपाई हजेरीला उशिरा आला तर त्याच्यावर कसुरी अहवाल जातो, पण सलग वीस तास उभा राहिला याची दखल कोणी घेत नाही.

हे केवळ पोलिसांच्या सुखासाठी मागत नाही. 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्याप्रमाणे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) झडती-जप्तीचे चित्रीकरण करावे लागते, सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथक बोलवावे लागते, तपास कुठवर आला हे फिर्यादीला 90 दिवसांत कळवावे लागते. काम वाढले, आणि ते बारकाईचे आहे. पंचनाम्यात वेळ चुकली की बचाव पक्षाचा वकील तेवढेच धरून बसतो. रात्री दोन वाजता मारहाण झालेली बाई ठाण्यात येते तेव्हा तिची फिर्याद घेणारा माणूस सकाळपासून बंदोबस्तात उभा असेल, तर तिच्यावर खेकसणे आणि अर्धवट लिहिणे दोन्ही होते. मग तिचा खटला पहिल्याच कागदावर कमकुवत होतो.

नाशिकचा सिंहस्थ जवळ आला आहे. राज्यभरातून मनुष्यबळ तिकडे जाईल आणि मागे उरलेल्या ठाण्यांची पाळी दुप्पट होईल. त्या बंदोबस्ताच्या आदेशातच प्रत्येक पॉइंटवरचा माणूस किती तासांनी बदलणार, त्याची विश्रांती कुठे, आणि त्याच्या मूळ ठाण्यातली ड्युटी कोण करणार, हे लिहून द्यावे. तासांच्या नोंदीची सुरुवात तिथूनच करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सहायक पोलीस उपनिरीक्षक