गॅसवरच्या व्हॅनच्या टाकीची तारीख कोण पाहतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती सिलिंडरमधून व्हॅनमध्ये गॅस भरताना आग लागल्याची बातमी आली की दोन दिवस छापे पडतात, विजेचे पंप आणि वजनकाटे जप्त होतात आणि पुढच्या दुर्घटनेपर्यंत विषय मागे पडतो. नोव्हेंबर 2024 मध्ये जळगाव शहरात भर वस्तीत असाच स्फोट झाला, व्हॅनमधील आणि आजूबाजूची माणसे होरपळली आणि त्यांतील काही पुढे दगावली. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेली 22 वर्षे पेट्रोलच्या व्हॅन आणि मोटारींना एलपीजी किट बसवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम करतो. या प्रश्नाची छाप्यांपलीकडची बाजू वाचकांसमोर आणि परिवहन खात्यासमोर मांडावी, म्हणून हे पत्र.

वाहन गॅसवर चालवणे बेकायदा नाही, हे प्रथम स्पष्ट करतो. 2000 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2001 साली केंद्र सरकारने वाहनांतील एलपीजीच्या वापरासाठी स्वतंत्र आदेश काढला. तेव्हापासून पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने प्रमाणित केलेले किट अधिकृत ठिकाणी बसवून घेऊन आरसी बुकात इंधनाची नोंद केली की गाडी कायदेशीर होते. ओम्नी आणि वॅगन आर या गाड्या तर कंपनीतूनच गॅसची टाकी घेऊन बाहेर पडत होत्या. भारत स्टेज सहा या प्रदूषण-मानकाच्या पेट्रोल गाड्यांनाही बाहेरून किट बसवण्याची मुभा ऑगस्ट 2022 मध्ये मिळाली. स्वयंपाकाचा सिलिंडर वाहनाला जोडण्यास मात्र तेव्हाही बंदी होती आणि आजही आहे.

ही बंदी केवळ अनुदानाचा गॅस वाचवण्यासाठी आहे, असा समज मी अनेक चालकांकडून ऐकतो. तो चुकीचा आहे. वाहनाच्या टाकीवर मल्टीव्हॉल्व्ह, म्हणजे अनेक झडपांचा एकत्र संच असतो. टाकी 80 टक्के भरली की त्याचा फ्लोट (गॅसच्या पातळीबरोबर वर येणारा तरंगता भाग) गॅस आत येणे बंद करतो, कारण उन्हात द्रवरूप गॅस फुगतो आणि त्याला जागा ठेवावीच लागते. दाब प्रमाणाबाहेर गेल्यास सुरक्षा झडप थोडा थोडा गॅस बाहेर सोडते, आणि नळी तुटून गॅस एकदम वाहू लागला तर दुसरी झडप तो अडवते. गळलेला गॅस गाडीत न साचता नळीवाटे बाहेर पडावा, म्हणून या साऱ्याभोवती हवाबंद पेटी असते. आपल्या स्वयंपाकघरातील 14.2 किलोच्या सिलिंडरवर यांपैकी काहीही नसते, कारण तो ओट्याखाली उभा राहण्यासाठी बनवलेला आहे, खड्ड्यांच्या रस्त्यावर आडवा पडून हादरे खाण्यासाठी नव्हे. झडपेचे महत्त्व फ्रान्सला 1999 साली कळले. लिऑनजवळच्या वेनिस्यू गावी समाजकंटकांनी पेटवलेली एलपीजीवरील मोटार विझवायला अग्निशमन दलाचे जवान गेले असता सुरक्षा झडप नसलेली तिची टाकी फुटली आणि अनेक जवान गंभीर जखमी झाले. त्यानंतर त्या देशाने ही झडप सक्तीची केली.

गॅस भरण्याची बेकायदा पद्धत तर याहून घातक आहे. घरगुती सिलिंडर उलटा टांगतात, त्याला रबरी नळी आणि विजेचा पंप जोडतात आणि बंद शटरच्या आड द्रवरूप गॅस व्हॅनच्या टाकीत ढकलतात. नळी काढताना थोडा गॅस सांडतोच. एक लिटर द्रव बाहेर पडला की त्याचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो आणि तो हवेहून जड असल्याने वर उडून न जाता जमिनीलगत, गटारात, खोलीच्या कोपऱ्यात पसरतो. मग पंपाच्या बटणाची एक ठिणगी पुरते. चालक म्हणतात, "थोडा वास येणारच." गॅसमध्ये मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळलेले असते ते गळती तत्काळ कळावी म्हणून, त्या वासाची नाकाला सवय होणे ही धोक्याची सर्वांत मोठी खूण आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शाळेची व्हॅन आली. गॅसवर गाडी झटके मारते, एवढीच तक्रार होती. द्रवरूप गॅसचा वायू करणारा व्हेपोरायझर उघडला तर आत काळा, तेलकट गाळ साचलेला. मागचे बाक उचलून टाकीवरची चाचणीच्या तारखेची पट्टी पुसली. नियमाप्रमाणे दर पाच वर्षांनी टाकी उतरवून तिची दाबचाचणी व्हायला हवी, पण तिच्यावर शेवटची तारीख दहा वर्षांपूर्वीची होती. फ्लोट अडकलेला होता, म्हणजे 80 टक्क्यांचा अटकाव उरलाच नव्हता. त्याच बाकावर रोज मुले बसत होती. टाकी बदलल्याशिवाय गाडीला हात लावणार नाही, असे मी सांगितले. तो चालक दोन महिन्यांनी परत आला तेव्हा गाडीत टाकी होती, पण ती भंगारातून आणलेली, पट्टी खरवडून काढलेली. मी पुन्हा नकार दिला. ती गाडी पुढे कोणी दुरुस्त केली, हे मला माहीत नाही आणि त्या गोष्टीचा विचार आजही मनातून जात नाही.

हा चालक वाईट माणूस नव्हता. त्याच्या गाडीचे किट अधिकृत होते आणि आरसी बुकात नोंदही होती. पण सर्वांत जवळचा ऑटो एलपीजी पंप त्याच्यापासून इतका दूर होता की जाऊन-येऊन निम्मी बचत रस्त्यातच संपावी. आमच्या भागात टाकी तपासणारे केंद्र नाही. टाकी पुण्याला पाठवली की गाडी चार-पाच दिवस उभी राहते आणि तेवढ्या दिवसांचे पालकांचे पैसे बुडतात. त्यात दराचा फरक. घरगुती गॅसवर 5 टक्के जीएसटी आहे, तर वाहनात भरायच्या त्याच प्रोपेन-ब्युटेनच्या मिश्रणावर 18 टक्के. लिटरमागे गॅसची गाडी पेट्रोलपेक्षा कमी धावते, म्हणून दर पुरेसा कमी असेल तरच गॅस परवडतो. कायद्याने गॅसवर आलेला माणूसच अशा रीतीने गल्लीतल्या शटरकडे ढकलला जातो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. म्हणून केवळ भरणाऱ्यावर छापे घालून हा धंदा थांबेल, असे मला वाटत नाही.

टाकीच्या तारखेवर लक्ष ठेवणे सीएनजीच्या बाबतीत आपण करून दाखवले आहे. त्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी होते, तारखेची पट्टी गाडीवर लावावी लागते आणि तारीख उलटली असेल तर पंपावर गॅस नाकारला जातो. एलपीजीच्या टाकीला हा न्याय का नाही? शाळेच्या व्हॅनचे निदान पासिंग तरी होते, पण तिथेही मागचे बाक उचलून टाकीवरची तारीख वाचली जावी, हे आता लेखी सक्तीचे करायला हवे. खासगी मोटारीची अवस्था तर अशी की नोंदणीपासून 15 वर्षे तिला कोणी पाहतच नाही; या काळात पाच-पाच वर्षांनी यायच्या चाचण्या झाल्या की नाहीत, हे विचारणारी एकही जागा नाही. प्रत्येक गाडी नियमाने जिथे जाते अशी एकच जागा म्हणजे पीयूसी केंद्र. तिथे इंधन एलपीजी दिसताच टाकीच्या चाचणीचा दाखला मागावा आणि त्याची तारीख वाहन नोंदणीच्या सरकारी 'वाहन' पोर्टलवर चढवावी. यासाठी नवा कायदा लागणार नाही, असे मला वाटते.

मात्र ही सक्ती करण्याआधी प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी टाकी तपासणीचे किमान एक केंद्र आणि महामार्गालगत पुरेसे ऑटो एलपीजी पंप उभे राहिले पाहिजेत, तसेच करातील तफावत कमी झाली पाहिजे. हा क्रम उलटा झाला, तर आज आरसी बुकात गॅसची नोंद असलेल्या गाड्याही उद्या ती नोंद लपवू लागतील.

पालकांनाही एक विनंती आहे. मूल ज्या व्हॅनने जाते ती गॅसवर असेल, तर चालकाकडे आरसी बुकातील नोंद आणि टाकीच्या चाचणीचा दाखला मागा. शाळांनी प्रवेशाच्या वेळी वाहनाची जी कागदपत्रे जमा करून घ्यायची, त्यांत हा दाखला ठेवावा. मागच्या बाकाखाली स्वयंपाकाचा लाल सिलिंडर दिसला, तर मुलाला त्याच क्षणी उतरवून घ्या आणि परिवहन कार्यालयाला कळवा. येत्या जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी माझ्या तालुक्यातील जो चालक व्हॅन घेऊन येईल, त्याच्या टाकीची तारीख, झडपा आणि नळ्यांची गळती मी मोबदला न घेता तपासून देईन. जिल्ह्यातील इतर किट बसवणाऱ्यांनीही मे महिन्यातील एक आठवडा यासाठी द्यावा, असे मी त्यांना या पत्राद्वारे कळवत आहे.

आपला,
एक गॅस किट मेकॅनिक
जि. सातारा