केरीच्या काकींना, त्या ओल्या गोणपाटाबद्दल

काकी, नमस्कार.

घरी येऊन नऊ दिवस झाले. फोनवर दोनदा बोललो, पण दोन्ही वेळा माझा आवाज भरून आला आणि तुम्हीच विषय बदलून नारळाचं बोलायला लागलात. म्हणून लिहिते आहे. तुमचा नातू वाचून दाखवेल.

आमचा बाजी अकरा वर्षांचा, मुधोळ जातीचा कुत्रा. तो घरात आल्यापासून आमच्या प्रत्येक सहलीला एक माणूस कमी असायचं. हॉटेलात कुत्रा घेत नाहीत, मग आप्पा म्हणायचे, "जावा तुम्ही, मी हाय की बाजीजवळ." हंपी झाली, केरळ झालं, कोकण तर कितीदा. एकाही फोटोत आप्पा नाहीत. म्हणून तर भावानं जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारागिरांकडून तिच्यात झोपायच्या फळ्या, शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेतली. आता कुणाला मागं ठेवायला नको, एवढ्याचसाठी.

आजरा, आंबोली असे आलो. आंबोलीत, जवळजवळ सातशे मीटर उंचीवर, मार्चमध्येही वारं गार होतं. बाजी खिडकीबाहेर तोंड काढून खुशीत होता. घाट उतरलो आणि तासाभरात दमट उकाड्यात येऊन पडलो. पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली तेव्हा त्याला धाप लागली होती. पोचलो की निवेल, असं मी म्हणाले. ते माझं चुकलं, आणि ते मला टोचतंय.

किनाऱ्यालगतच्या ज्या कॅम्पवर आम्ही आगाऊ पैसे भरले होते, त्यांनी फोनवर दोनदा सांगितलं होतं, कुत्रा चालतो. फाटकावर बाजीला बघितलं आणि म्हणाले, एवढा मोठा नाही चालत. दुपारचा दीड वाजलेला. सावलीला गाडी लावू का विचारलं, नाही. पाणी मागितलं, तर आतल्या दुकानाकडं बोट दाखवलं. पैसे गेले त्याचं मला काही वाटत नाही. पण तेवढ्यात आप्पा खाली उतरले आणि म्हणाले, "पोरांना घेऊन जावा तुम्ही आत. मी बसतो गाडीत बाजीजवळ." समोर सुरूच्या झाडांमागं समुद्र दिसत होता, आणि पुन्हा तेच वाक्य. त्या फाटकावरच्या माणसांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढं आणखी दोन ठिकाणी नकार. मग तुमची वाडी.

तुम्ही झावळ्या ओढत होता. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बाजीची जीभ बघितलीत, लांब लोंबलेली, गडद लाल. "ताका हांगा हाड गो बाये." त्याला इकडं आण, एवढंच. नाव नाही, गाव नाही, किती दिवस राहणार नाही. मी त्याच्या पाठीवर ओला टॉवेल टाकला होता, तो तुम्ही आधी काढलात. माझ्या मुलानं बर्फ आणला, तो बाजूला ठेवायला लावलात. विहिरीचं पाणी, तांब्या तांब्या करून, पोटावर, जांघेत, पंजांवर. संध्याकाळी म्हापशाच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो, आणि हवा दमट असली की तेही जमत नाही. पाठीवर टॉवेल तसाच राहिला तर उष्णता आत कोंडते. त्यांनी मोजला तेव्हा ताप 103 वर आला होता. 105 च्या पुढं कुत्रा हातचा जाऊ शकतो, म्हणाले. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, म्हशीला करते तसंच केलं.

पण काकी, हे पत्र त्या पाण्यासाठी नाही.

तुम्ही विहिरीजवळ फणसाखाली गोणपाट भिजवून अंथरलंत आणि बाजीला त्यावर निजवलंत. मग घरात गेलात. मला वाटलं, काम झालं, गेलात. तुम्ही ओसरीवरची लाकडी खुर्ची उचलून आणलीत, एकटीनं, आणि गोणपाटाला चिकटून ठेवलीत. आप्पांकडं बघून म्हणालात, बसा. आप्पा बसले. त्यांचा हात खाली सोडला तर बरोबर बाजीच्या डोक्यावर येईल, अशी ती ठेवली होती. हा माणूस इथून उठणार नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आम्हाला इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी खुर्ची आणायचं सुचलं नव्हतं.

आमच्याकडं 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं, तेव्हा चिखली-आंबेवाडीकडची माणसं म्हशी सोडून नावेत बसायला तयार होईनात. शहरातली माणसं त्यांना हट्टी म्हणाली. आप्पांना त्या माणसांचं कधी आश्चर्य वाटलं नाही. तुम्ही त्यांतल्याच. दावणीचं जनावर मागं ठेवून ज्यांचा पाय निघत नाही, त्यांना पाहुण्याचं दुखणंही न विचारता कळतं, असं मला आता वाटतं. फाटकावर मोठाल्या पाट्या लावून ते येत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे, वाळू गार असताना, आप्पा आणि बाजी पाण्यापर्यंत गेले. पलीकडं तेरेखोलचा किल्ला नुकता उजळत होता. बाजीनं लाटेला एकदा हुंगलं आणि मागं सरला. आप्पा मात्र गुडघाभर पाण्यात उभे राहिले, धोतर वर खोचून, कितीतरी वेळ. तो फोटो मी काढला. आमच्या सहलींतला आप्पांचा हा पहिला फोटो. एक प्रत तुमच्यासाठी छापून घेतली आहे.

तुमचं गोणपाट निघताना गाडीत आलं, ते आता परत मिळायचं नाही. बाजी दुसऱ्या कशावर झोपत नाही. त्याऐवजी गुळाची ढेप आणि घरी कांडलेली चटणी ठेवली आहे. नातवाला सांगून तुमच्या पावलाचं माप कागदावर आखून पाठवा, आप्पांना स्वतः जाऊन चपला निवडायच्या आहेत. हे सगळं घेऊन तेच येणार आहेत, बाजीसकट. पण उन्हाळ्यात नाही. डिसेंबरात, हवा गार झाल्यावर.

खुर्ची तेवढी तिथंच असू द्या.

तुमची,
कोल्हापूरची बाय